शिंगाळीचा साखर-अंक

माझ्या थोरल्या बहिणीच्या ट्रंकेची झडती तिच्याच लेकीनं घेतली, तेव्हा मी दारात चपला काढत होतो. राजेश्वरी खाली बसून एकेक इरकली लुगडं उलगडून झटकत होती. अक्का भिंतीला टेकून, दोन्ही पाय लांब करून बसली होती. तिचे गुडघे दुमडतच नाहीत, त्यामुळे ती बसली की अशीच बसते.

"काय हुडकायलीस गं, राजी?" मी विचारलं.

"पेढे," मान वर न करता ती म्हणाली. "नाहीतर बुंदी, जिलबी, जे असंल ते. मामा, तुम्ही मधी पडू नका. आई चोरून गोड खायलीय."

"मी व्हय?" अक्का म्हणाली. "चन्नू, तू तरी सांग की हिला."

मी काय सांगणार? लहानपणी सणावाराला अक्काच्या वाटची पुरणपोळी मीच खायचो. ती आपली कडक भाकरी, शेंगाचटणी आणि कांदा घेऊन चुलीपाशी बसायची. गोडाचं नाव काढलं की तिला मळमळायचं. हे राजीलाही ठाऊक होतं. पण राजीच्या हातात यंत्राचा कागद होता आणि कागदावर तांबडा शिक्का होता.

ट्रंकेच्या तळाशी फडक्यात बांधलेलं काहीतरी लागलं. राजीनं झडप घालून गाठ सोडली. आत सुक्या खोबऱ्याची वाटी निघाली.

"ओटीतलं हाय ते," अक्का म्हणाली. "कवाचं हाय ते मलाबी ठावं न्हाई. खाऊन बघ, दात पडतील तुजे."

राजीनं वाटी खाली ठेवली आणि ती रडायलाच लागली. "आई, मी रोज गावाला शिकवते, साखर सोडा, साखर सोडा. आणि माझ्याच घरात तांबडा शिक्का! लोक तोंडावर हसायलेत. आणि तुझ्या गुडघ्यांचं ऑपरेशन? ते कसं व्हायचं? खरं सांग की एकदा."

अक्कानं खरंच सांगितलं होतं. पण माणसानं सांगितलेलं खरं धरायची पद्धत आपल्याकडून केव्हाच गेली होती.

त्या यंत्राची गोष्ट आता सांगायला हवी. मी जनावरांचा डॉक्टर आहे. आमच्या भागात, म्हणजे सोलापूर जिल्ह्याच्या कर्नाटकाकडच्या टोकाला, मला ढोरडॉक्टर म्हणतात आणि मला त्याचं काही वाटत नाही. ढोरांना खोटं बोलता येत नाही, म्हणून त्यांचं शरीर वाचायला मी शिकलो. माणसांच्या डॉक्टरांनी त्यासाठी यंत्र आणलं.

यंत्राचं सरकारी नाव 'आहारसाक्षी'. शिलाई मशीनएवढी पेटी. माणसाच्या डोक्याच्या मागच्या बाजूचे चार केस मुळापासून कापायचे, धुवायचे आणि पेटीत घालायचे. पेटी ते केस जाळते, निघालेला वायू लेझरच्या किरणासमोर धरते आणि सांगते की या माणसानं गेल्या तीन महिन्यांत साखर किती खाल्ली. पूर्वी यासाठी खोलीभर यंत्रं लागायची. आता ती पेटी मोटारसायकलच्या मागे बांधून गावोगाव फिरते; आमच्या भागात आरोग्यसेविका म्हणून राजीच ती फिरवायची. ज्या दिवशी पेटी यायची त्या दिवसाला गावानं नाव ठेवलं होतं 'जावळं'. "चला, सरकारनं जावळं काढायला बोलावलंय," म्हणत बाया रांगेत उभ्या राहायच्या.

यात जादू काही नाही. हवेतल्या कार्बनमध्ये दोन भाऊ असतात, एक हलका आणि एक किंचित जड. झाडं हवा खाऊन वाढतात, पण बहुतेक झाडं चोखंदळ असतात. गहू, भात, तूर, भुईमूग ही सगळी जड भावाला शक्यतो दारातच उभा करतात. ऊस तसा नाही. त्याची हवा पकडायची रीतच निराळी, कडक उन्हात कमी पाण्यावर जगण्यासाठी घडलेली. तो दोघांनाही घरात घेतो. म्हणून उसाच्या साखरेत जड कार्बन जरा जास्त असतो. आपण साखर खाल्ली की तो रक्तात येतो, रक्तातून केसात जातो आणि केस वाढेल तसा तिथंच राहतो. केसाला सगळं आठवतं, एवढाच याचा अर्थ.

विज्ञान म्हणून यात कुठंही खोट नव्हती. खोट पुढं होती.

आरोग्य हमी योजनेला एक प्रश्न पडला होता. लठ्ठ माणसं वाढत चालली होती, त्यांचे गुडघे, त्यांची काळजं, त्यांचे डोळे यांवर खर्च वाढत चालला होता. मग कुणा हुशार माणसाच्या डोक्यात आलं की ज्याला स्वतःची जीभ आवरत नाही, त्याच्यासाठी बाकीच्यांनी पदरमोड का करावी? नियम आला. केस तपासायचे. हिरवा शिक्का मिळाला तर शस्त्रक्रिया फुकट. तांबडा मिळाला तर आधी सुधारा, मग या. जीव जात असेल तर तेवढ्यापुरता अपवाद. गुडघ्यानं जीव जात नाही, नुसतं जगणं जातं.

लठ्ठ म्हणजे खादाड, हे गणित ज्यानं मांडलं त्यानं कधी उपाशी गाईचं वासरू बघितलेलं नसावं. गाभण गाईला दुष्काळात चारा मिळाला नाही, तर पोटातलं वासरू शिकतं की बाहेरचं जग कंजूष आहे, मिळेल ते साठवून ठेव. पुढं चारा मिळाला की ते वासरू भरभर चरबी धरतं. माणसाचंही तसंच आहे. आमची आई बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडायला जात होती आणि पोटात अक्का होती. अक्का जन्मली ती मुठीएवढी, पण तिच्या शरीरानं दुष्काळ लक्षात ठेवला. साठ वर्षं ते शरीर पुढच्या दुष्काळासाठी साठवत बसलं आहे. त्यात ती बचत गटात कडक भाकऱ्या थापते, दिवसभर चुलीपुढं पाटावर. त्या भाकऱ्या पुण्याच्या दुकानांत जातात आणि त्यांच्या पाकिटावर एका सडपातळ बाईचं चित्र असतं. खाली लिहिलेलं असतं, 'वजन घटवा'. ती पाकिटं भरताना अक्काचं वजन वाढत गेलं आणि गुडघे झिजत गेले.

पहिल्या तपासणीला तिला वजनकाट्यावर उभं केलं, तेव्हा तालुक्याहून आलेला एक पोरगेला मदतनीस म्हणाला होता, "म्हशीचा काटा आणा रे." सगळे हसले. राजीनं ऐकलं आणि ती रजिस्टरात बघत राहिली. अक्काही हसली होती. लठ्ठ बाईला असं हसावंच लागतं.

तांबडा शिक्का आल्यावर अक्कानं काय केलं? जे सांगितलं ते सगळं केलं. चहा बिनसाखरेचा झाला. तो आधीही जवळपास तसाच होता. भात बंद केला. योजनेच्या आहारतज्ज्ञानं फोनवरून सांगितलं, "मावशी, पोळीऐवजी भाकरी खा, ती चांगली." अक्का खूश झाली. तिन्ही वेळा ज्वारीची भाकरी, भाजी, ताक.

पुढच्या जावळांना तिचा अंक आणखी तांबडा आला.

मग झडती झाली ती ही. त्यानंतर राजीनं साखरेच्या डब्याला कुलूप घातलं. शेजारणीला सांगून ठेवलं, "आईला काही देऊ नका." अक्का दुकानावरून निघाली की पोरं ओरडायची, "आज्जी, जिलबी कुठं लपवली?" साठीला आलेल्या बाईनं आयुष्यभर पै-पैचा खरेपणा सांभाळला आणि गावानं तिला चोरटी ठरवली. मी राजीला म्हटलं, "तुझं ते यंत्र चुकतंय."

"मामा, यंत्राला आईशी काय वैर हाय?"

"मग अंक दाखव मला. नुसता रंग नको."

"दाखवता येत नाही. कंपनीचं गुपित हाय ते. आमच्याकडनं सही घेतलीय."

शिक्क्याचा रंग गरिबाला, आकडा कंपनीला. चडफडत मी माझ्या दवाखान्यात परतलो.

एकट्या अक्काचीच ही गत नव्हती. आमचा अख्खा पट्टा तांबडा होता. वर कुणाला शंका यायला हवी होती, पण आली नाही, कारण स्पष्टीकरण आधीच तयार होतं. सोलापूर म्हणजे साखर कारखान्यांचा जिल्हा! तिथले लोक साखर खाणार नाहीत तर काय? पेपरात नकाशा छापून आला. किनाऱ्याकडं हिरवं, आमच्याकडं तांबडं. वर मथळा, 'संयमी कोकण, गोडखाऊ सोलापूर'. एका अग्रलेखात तर आमच्या संस्कृतीत गोडाचं स्थान काय, यावर दीड कॉलम होता. लिहिणाऱ्यानं आमच्याकडचं जेवण पाहिलं असतं तर तिखटानं त्याच्या डोळ्यांत पाणी आलं असतं.

गावानं मात्र आपल्या रीतीनं वाट काढली. गरीब माणूस साहेबाचं मन ओळखायला शिकतो, तसं बायांनी यंत्राचं मन ओळखलं. गावात एकच म्हातारी पहिल्यापासून हिरवी होती, सगुणव्वा. तिला दात नाहीत, सून बघत नाही. ती रेशनचा भात आणि चहात बुडवलेली खारी यांवर जगायची. बायांनी डोकं लढवलं. सगुणव्वा खाते ते आपण खाऊ.

आणि खरंच, जिनं जिनं भाकरी सोडून भात, पाव, खारी आणि नूडल्सची पाकिटं धरली, ती ती पुढच्या वेळी पिवळी आणि त्याच्या पुढच्या वेळी हिरवी झाली. का, ते कुणाला कळलं नाही आणि कुणी विचारलंही नाही. 'भाकरी सोडा, हिरवे व्हा' एवढंच या चुलीवरून त्या चुलीवर गेलं. तसंही ज्वारी आता रेशनच्या तांदळाहून महाग. गटातल्या बाया पुण्यासाठी भाकऱ्या थापायच्या आणि घरी जाऊन पोरांना पाकिटातल्या शेवया घालायच्या.

अक्काला ते गिळवत नव्हतं. "पोटात भाकरी नसली की जेवल्यागत वाटत न्हाई," म्हणायची. पण तिला एकच ओढ होती. आमचं शेत ओढ्यापलीकडं आहे. मार्गशीर्षात येळवस येते, म्हणजे वेळ अमावस्या. त्या दिवशी आमच्या भागात अख्खं गाव शेतात जातं, उभ्या ज्वारीत तिच्याच वाळल्या ताटांची, कडब्याची, कोप म्हणजे खोपी करतात, पाच दगड मांडून पुजतात आणि तिथंच बसून जेवतात. अक्का चार येळवशी ओढा ओलांडू शकली नव्हती. "औंदा माज्या पायानं जायचं," एवढंच तिचं मागणं होतं. त्यासाठी तिनं भाकरी सोडली.

ती हिरवी झाली त्या दिवशी राजीनं मला फोन केला. फोनवरही तिला बोलवेना. "मामा, आईनं करून दाखवलं. मी तिच्यावर उगीच संशय घेतला नव्हता बघा. तिनं सोडलं चोरून खायचं." मागून अक्काचा आवाज आला, "मी खातच नव्हते की गं." पण त्या आवाजात आता जोर नव्हता. मला वाटतं, तेव्हा तिलाही स्वतःचा संशय येऊ लागला होता.

योजनेच्या रुग्णालयात आम्ही तिघं गेलो. अक्कानं नवं लुगडं नेसलं होतं, पिशवीत हिरवा कागद. तिथल्या भूलतज्ज्ञ बाईंनी रक्ताचा अहवाल पाहिला, चष्मा काढला आणि पुन्हा लावला.

"यांना मधुमेह कधीपासून आहे?"

"नाही हो त्यांना," राजी म्हणाली. "काठावर होती फक्त. आणि आता तर हिरवी आहे. हे बघा."

"हिरवी असेल. रक्तातली साखर फार वर आहे. वजनही गेल्या वर्षीपेक्षा वाढलंय. अशा स्थितीत मी भूल देऊ शकत नाही, जखम भरणार नाही. काय खाता आजी?"

अक्कानं राजीकडं पाहिलं. मग शाळेतल्या पोरीनं पाठ म्हणावा तसं म्हणाली, "भात, पाव, खारी. कधी कधी त्या शेवया. भाकरी अजाबात न्हाई."

बाईंनी लेखणी खाली ठेवली. "कुणी सांगितलं हे खायला?"

राजीनं हिरवा कागद घडी घालून पिशवीत टाकला.

परतताना एस. टी. स्टँडवर राजीनं पिशवीतून आपला टॅब काढला आणि माझ्या हातात दिला. पडद्यावर तिच्या आईचे सगळे आकडे होते, रंगाशिवाय. सही, गुपित, नोकरी, सगळं तिनं त्या बाकावर ठेवून दिलं होतं.

आधीचा आकडा उणे तेरा. हिरवी झाली तेव्हाचा उणे वीस. आकडा शून्याच्या जितका जवळ, तितका जड कार्बन जास्त. मी बघितलं आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. हे आकडे मला नवे नव्हते. आमच्या कॉलेजात कडब्यावरच्या जनावरांचं दूध आणि भाताच्या पेंढ्यावरच्या जनावरांचं दूध ओळखायला आम्ही हेच मोजायचो.

"राजी," मी म्हटलं, "उसाचा सगळ्यात जवळचा भाऊबंद कोण, ठाऊक हाय? ज्वारी. हवा पकडायची जी रीत उसाची, तीच ज्वारीची. बाजरीचीबी, मक्याचीबी. भाकरी खाल्ली की केसात तोच जड कार्बन येतो. तुझी पेटी साखर मोजत नाही. ती उसाचं कूळ मोजते. आणि तुझी आई साठ वर्षं त्याच कुळातली भाकरी खायलीय."

"मग कंपनीनं ते आधी तपासलं नाही?"

"तपासलं असंल की. भात आणि पोळी खाणाऱ्या शहरातल्या पोरांवर."

राजीनं टॅब परत घेऊन पिशवीत टाकला. "मी तिची ट्रंक उचकली, मामा," ती म्हणाली. शेजारी अक्का बाकावर पाय लांब करून पेंगत होती. तिनं काहीच ऐकलं नाही.

आता गंमत बघा. भाकरी सोडल्यामुळं आमचं गाव जिल्ह्यात पहिलं पूर्ण हिरवं गाव ठरलं. सत्कार ठरला. योजनेच्या संचालक डॉ. केतकी सबनीस स्वतः येणार, 'हिरवं गाव' अशी पाटी देणार, यंत्राचं प्रात्यक्षिक दाखवणार. मांडव पडला. गटाच्या बाया हिरव्या साड्या नेसून बसल्या. त्यांतल्या निम्म्या गेल्या वर्षभरात सुटल्या होत्या. पाहुण्यांच्या नाश्त्याला मात्र कडक भाकरी आणि शेंगाचटणी होती, कारण सबनीसबाई डाएटवर होत्या.

सबनीसबाईंचं भाषण चांगलं झालं. गोड शब्दांत त्यांनी सांगितलं की दारिद्र्य ही सबब नाही, निर्धार असला की गरीबही बदलू शकतो. टाळ्या पडल्या. मग त्यांनी विचारलं, "प्रात्यक्षिकासाठी कुणी नमुना देईल?"

मी उठलो. खिशातून पाकीट काढून राजीच्या हातात दिलं. त्यात काळे, राठ, कात्रीनं कापलेले केस होते. राजीला ते ओळखता येत नव्हते असं नाही. तिनं माझ्याकडं एकदा पाहिलं, केस धुतले आणि पेटीत घातले.

पेटीला बाईचा लाघवी आवाज दिलेला आहे. मांडवभर तो आवाज घुमला: "आपला साखर-अंक अतिशय तांबडा आहे. आपण साखरेच्या आहारी गेला आहात. पेढे, बर्फी, जिलबी आणि शीतपेये तात्काळ बंद करा. जिभेवर ताबा ठेवा. आपल्या कुटुंबाचा विचार करा."

"अरेरे," सबनीसबाई म्हणाल्या. "लाजू नका, कोण आहेत त्या?"

"शिंगाळी," मी म्हटलं. "आमच्या अक्काची म्हैस. बाहेर चिंचेला बांधलीय. जन्मात कडब्याशिवाय काही खाल्लं नाही तिनं. पेढ्याचं मात्र मी विचारून घेतो."

मांडव हशानं फुटला. माणसं एकमेकांच्या पाठीवर थापा मारून हसत होती. अक्का हसत नव्हती. ती खुर्चीतून वाकून राजीकडं बघत होती. राजी मांडवाच्या मधोमध उभी होती आणि हात जोडून म्हणत होती, "आई, तू खरं बोलत होतीस." तिनं ते मोठ्यानं, सगळ्यांसमोर म्हटलं. ज्या तोंडांनी जिलबी विचारली होती, ती तोंडं खाली गेली.

मला वाटलं, आपण जिंकलो. इतका का मी भोळा?

ग्रामपंचायतीच्या खोलीत सबनीसबाईंनी दार लोटून घेतलं. त्या चिडल्या नव्हत्या. थकल्या होत्या.

"डॉक्टर, तुम्ही बरोबर आहात," त्या म्हणाल्या. "आम्हाला दुसऱ्याच वर्षी कळलं होतं."

मला वाटलं, आपण चुकीचं ऐकलं.

"दुरुस्ती करता येते. प्रत्येक भागाच्या धान्याप्रमाणे वेगळं कोष्टक लावायचं. पण कंपनीशी करार झालाय, त्यात ती तरतूद नाही. आणि समजा, उद्या केली. ज्वारी-बाजरी खाणारे सगळे तालुके एका रात्रीत हिरवे होतील. त्यांचे गुडघे, हर्निया, मोतीबिंदू सगळे एकदम रांगेत. इतके सर्जन कुठून आणू मी? इतक्या खाटा?"

"म्हणजे तांबडा शिक्का रांग कमी करायला आहे."

"मी तसं म्हटलं नाही."

"दुसरं काय म्हटलंत?" माझा आवाज चढला. बाहेर ऐकू जात असेल तर जावो, असं वाटलं. "बाई, माझी सारी नोकरी जनावरांत गेली. रात्री-अपरात्री गोठ्यात गेलो. एकाही म्हशीला मी विचारलं नाही की तू काय खाल्लंस ते आधी सिद्ध कर, मग तुला बरी करतो. आणि तुम्ही माणसांच्या डॉक्टर! तुमच्या पाकिटातली भाकरी पुण्यात खाल्ली की ते पथ्य. तीच भाकरी थापणारीनं खाल्ली की तिला चोर ठरवता. वर तिच्या लेकीकडून तिची झडती घेववता!"

त्यांनी मान खाली घातली. "तुम्ही लेखी द्या," म्हणाल्या. "समिती नेमू."

समिती नेमली गेली. महिन्याभरात परिपत्रकही आलं. त्यात लिहिलं होतं, 'ज्वारी व बाजरी उत्पादक तालुक्यांतील लाभार्थ्यांनी अचूक मापनाच्या हितार्थ तपासणीपूर्व काळात भाकरीचे सेवन टाळावे.' यंत्र सुधारायचं नव्हतं. माणसांना यंत्राजोगं करायचं होतं. राजीला नमुन्याशी खेळ केल्याबद्दल कामावरून काढलं. तिच्या जागी आलेल्या मुलीनं पेटी आपल्या मोटारसायकलला बांधली.

अक्का भाकरीवर परत आली. औषध आणि भाकरी-भाजी यांनी तिच्या रक्तातली साखर हळूहळू उतरली. भूलतज्ज्ञ बाई म्हणाल्या, "आता मी तयार आहे." पण भाकरीमुळं अक्काचा शिक्का पुन्हा तांबडा झाला होता. भाकरी खावी तर योजना नाही, सोडावी तर भूल नाही. खासगीत करायचं तर उरलेली जमीन, म्हणजे ओढ्यापलीकडचं तेच शेत, विकायला लागणार. अक्कानं एका शब्दात नको म्हटलं.

येळवस आली. अक्काला आम्ही ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत गादी टाकून नेलं. ओढ्यात ट्रॉली हेलकावली तेव्हा ती डोळे मिटून बसली होती. ज्वारी डोक्याएवढी उभी होती, कणसं भरत आलेली. शिंगाळीलाही पोरांनी मागून हाकत आणलं होतं. कोप झाली, पाच दगडांना चुना लावून पुजलं, आणि आजूबाजूच्या शेतांतली माणसंही आमच्या पंगतीला आली.

पण जेवण सुरू होईना. डबे उघडले तेव्हा दिसलं, निम्म्या घरांनी ज्वारीच्या पिठाच्या उकडलेल्या उंड्यांऐवजी भात आणला होता. ज्वारीच्याच पिठाच्या, ताकातल्या अंबिलीची मडकी होती, पण कुणी वाटी पुढं करत नव्हतं. जावळं पंधरवड्यावर आली होती. कुणाचा हर्निया होता, कुणाच्या आईचा मोतीबिंदू. ही काही लहान भीती नव्हती आणि मी कुणाला दोष दिला नाही. पण उभ्या ज्वारीत बसून माणसं ज्वारीला भिऊन होती.

अक्कानं उंडा उचलला. भज्जीत, म्हणजे येळवशीच्या मिसळभाजीत, बुडवला. सगळं शेत तिच्याकडं बघत होतं.

"चन्नू," ती मला म्हणाली, "तुज्या दवाखान्यात गुडघे करतेत का रं?"

"नाही गं अक्का. जनावरांचा दवाखाना तो."

"मग माजं नाव म्हैस म्हणून लिव्ह की. लोक तसंबी म्हणतेतच. तिथं कोण इचारत न्हाई म्हणं, काय खाल्लंस म्हणून."

कुणी हसलं नाही. वजनकाट्याजवळ त्या दिवशी जे जे हसले होते, त्यांतले बरेच तिथं होते. राजी उठली, आईच्या हातातला उंडा अर्धा मोडून घेतला आणि तोंडात कोंबला. तिचे डोळे वाहत होते आणि ती चावत होती. मग सगुणव्वानं, त्या बोळक्या तोंडाच्या हिरव्या सगुणव्वानं, आपली वाटी पुढं केली. "घाल गं, अंबील घाल," म्हणाली. मग एकेक वाटी पुढं आली.

त्या पंधरवड्यानंतर आमचं गाव पुन्हा तांबडं झालं. पाटी परत न्यायला माणूस आला, तेव्हा ती सापडली नाही. ती शिंगाळीच्या गव्हाणीला आडवी ठोकली आहे, कडबा बाहेर सांडू नये म्हणून. अक्का अजून पाय लांब करूनच बसते.